वैयक्तिक सत्याग्रह म्हणजे काय?
३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारताच भारत दुसऱ्या महायुद्धात उतरल्याचे जाहीर केले. युद्धाविरुद्ध उघडपणे बोलणाऱ्याला तुरुंग ठरलेला होता. बोलण्याचा हाच हक्क बजावण्यासाठी गांधीजींनी मोर्चे न काढता एकेक सत्याग्रही निवडला. पहिले होते विनोबा भावे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथे त्यांनी युद्धविरोधी भाषण केले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली.

पद्धत साधी होती. वेळ आणि ठिकाण सरकारी अधिकाऱ्यांना आधीच कळवायचे. युद्धाला माणसे किंवा पैसा देऊ नका, असे लोकांना सांगायचे. अटक झाली तर शांतपणे तुरुंगात जायचे. नाही झाली तर प्रचार करत दिल्लीकडे पायी निघायचे. मे १९४१ पर्यंत २५ हजारांहून अधिक सत्याग्रहींना शिक्षा झाली होती.