रंगाचा थर आणि पॉलिशचे यंत्र

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. या रस्त्यांवर अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी धावत, तेव्हा गाडीच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. रबिंग कंपाउंड चिंधीवर घेऊन घासले की निस्तेज झालेला वरचा भाग निघे, चिंधीला गाडीचाच रंग लागे आणि खालचा ताजा रंग उघडा पडे. या पद्धतीला मागासलेली म्हणणे अन्यायाचे आहे. त्या रंगाला ती चपखल होती.

1983 मध्ये मारुती आली आणि पुढे मेटॅलिक रंगांबरोबर क्लिअर कोट, म्हणजे तो पारदर्शक थर, रुळला. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. उन्हापासून रंगाला तोच वाचवतो. म्हणून आता पॉलिशचे यंत्र निवडताना पहिला प्रश्न हा, की थर किती उरेल? रोटरी यंत्राचे पॅड एकाच अक्षावर फिरते, त्यामुळे एका जागी उष्णता साठते. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्राचे पॅड फिरताना अक्षाभोवती सरकतही राहते आणि उष्णता पसरते. खानदेशच्या मे महिन्यात हा फरक मोठा आहे. रोटरी वेगाने काम उरकते, सराईत हातात उत्तम चालते, हा आक्षेप मान्य. पण कडेचा थर एकदा उडाला की तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. शिकणाऱ्याने 15 मिलिमीटर थ्रोचे (म्हणजे पॅड सरकते त्या वर्तुळाच्या व्यासाचे) ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र घ्यावे, मऊ फोमच्या पॅडने छोट्या भागावर चाचणी करावी आणि ओरखडे राहिलेच तरच जास्त घासणारे कटिंग पॅड लावावे.