फोटोतून बर्फाची जाडी

फोटोत बर्फाचा फक्त वरचा भाग दिसतो. मग जाडी कशी कळणार? नदीत मोकळा तरंगणारा बर्फ असेल तर सोपं आहे: साधारण एक-दशांश पाण्यावर, बाकी खाली. हिमनदी मात्र जमिनीवर टेकलेली असते.

१८८९ मध्ये जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी ऑस्ट्रियाच्या आल्प्समधली फेर्नाग्टफेर्नर ही हिमनदी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या फोटोंवरून मोजली आणि तिच्या पृष्ठभागाच्या उंचीचा नकाशा केला. त्या उंचीतून आजची उंची वजा केली, की बर्फ किती मीटरनं पातळ झाला ते कळतं.

पण जुनी नोंदच नसेल, तर वजाबाकी कशातून करणार? म्हणून डोंगरात गेलात, तर फोटोसोबत तारीख आणि तुम्ही उभे होतात ती जागाही लिहून ठेवा.