दूरदंतसेवा, कोविड महासाथीतील

रुग्ण दवाखान्यात न येता फोन, व्हिडिओ कॉल किंवा पाठवलेली छायाचित्रे यांच्या आधारे दंतवैद्याने केलेली तपासणी, दिलेला सल्ला आणि औषधयोजना म्हणजे दूरदंतसेवा किंवा टेलिडेंटिस्ट्री. ही पद्धत कोविडच्या बरीच आधीची आहे. अमेरिकी लष्कराने दूरच्या तळांवरील सैनिकांसाठी १९९४ मध्ये असा प्रकल्प हाती घेतला होता. जगभरच्या सर्वसाधारण दवाखान्यांत मात्र ती पोचली २०२० मध्ये, आणि तीही नाइलाजाने.

दंतवैद्याचा चेहरा रुग्णाच्या उघड्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. दाढ कोरण्याचे एअरोटर मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते. ते तापू नये म्हणून त्यावर सतत पाणी मारले जाते आणि लाळेत मिसळलेले त्याचे सूक्ष्म तुषार खोलीभर पसरतात. दात साफ करण्याच्या स्केलरचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ जाहीर केल्यावर पाचच दिवसांनी अमेरिकन डेंटल असोसिएशनने तातडीची नसलेली कामे पुढे ढकलण्यास सांगितले. इंग्लंडमध्ये २५ मार्चला नेहमीचे उपचार थांबवण्याचा आदेश निघाला. दवाखान्यांनी फोनवर सल्ला, वेदनाशामक आणि गरज असल्यास प्रतिजैविक द्यावे, त्याने न भागणाऱ्या रुग्णांना खास उभारलेल्या तातडीच्या केंद्रांकडे पाठवावे, अशी व्यवस्था लागली. भारतात त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली आणि टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच दिवशी आली. दंतवैद्यांसाठी आरोग्य मंत्रालयाच्या वेगळ्या सूचना १९ मे २०२० रोजी निघाल्या. प्रतिबंधित क्षेत्रातील दवाखाने बंद राहतील, पण फोनवरून रुग्णांची छाननी चालू ठेवता येईल, असे त्यांत म्हटले होते.

ही छाननी हाच या सेवेचा गाभा. ठणका रात्री झोपेतून उठवतो का, थंड पाण्याची कळ लगेच जाते की रेंगाळते, चावताना एकच दाढ उंच लागते का, तोंड किती उघडते, ताप आहे का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, असे प्रश्न क्रमाने विचारले जातात. निसटलेले सिमेंट, टोचणारी तार, सैल झालेली कवळी यांना सहसा थांबता येते. मार लागून पक्का दात खोबणीतून मुळासकट बाहेर आला असेल, तर तो मुळाला हात न लावता परत जागेवर बसवावा किंवा दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली पसरत असेल, गिळताना वा श्वास घेताना त्रास होत असेल, तर फोन ठेवून रुग्णालय गाठावे लागते. अशा सुजेमागचा संसर्ग घशाची वाट बंद करू शकतो.

छायाचित्र चांगले असेल तर निम्मे काम होते. रुग्णाने खिडकीच्या उजेडात बसावे, स्टीलच्या दोन चमच्यांच्या दांड्यांनी गाल बाजूला ओढून धरावेत आणि घरातल्या दुसऱ्या कोणी मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढावा. स्वतःच काढलेल्या सेल्फीत मागची दाढ बहुधा काळोखातच राहते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत अशा छायाचित्रांचे मोल वाढले. कोविडमधून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांत म्युकरमायकोसिस हा बुरशीचा संसर्ग दिसू लागला. महाराष्ट्रात अशा रुग्णांची संख्या मोठी होती. वरच्या जबड्यातले चांगले दात अचानक हलणे, हिरडीतून पू येणे, गाल बधिर होणे, टाळूवर काळा डाग पडणे ही त्याची तोंडातील लक्षणे. पाठवलेल्या फोटोत असा डाग दिसला, तर ‘गोळी घ्या, आठवड्याने कळवा’ हे उत्तर चालत नाही. त्याच दिवशी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात धाडावे लागते.

मर्यादा गंभीर आहेत. फोनवरून दातावर टिचकी मारून पाहता येत नाही, एक्स-रे निघत नाही, हिरडीची खोली मोजता येत नाही. दाताच्या नसेचा दाह प्रतिजैविकाने बरा होत नाही. त्याला रूट कॅनल तरी करावे लागते किंवा दात काढावा लागतो. इंग्लंडमध्ये एप्रिल ते जुलै २०२० या काळात दंतवैद्यांनी दिलेली प्रतिजैविके आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे पाव हिश्शाने वाढली. दुखरी दाढ हाताळता येत नव्हती म्हणून गोळी लिहिली गेली, हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल.

तरीही ती टिकवण्याजोगी आहे. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, तालुक्याच्या गावापासून लांब राहणारी कुटुंबे, दात काढल्यानंतर जखम दाखवण्यापुरते येणारे रुग्ण यांची खेप तिने वाचते. दवाखान्यांनी फोनवरील सल्ल्यासाठी रोजची एक वेळ राखून ठेवावी आणि त्या वेळेत दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद इतर नोंदींइतक्याच काटेकोरपणे करावी.