आक्षेपापासून अनुपालनापर्यंत
मुंबई इलाख्यात १९३० साली स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा झाला, तेव्हा स्थानिक संस्थांच्या खर्चावर नोंदवलेल्या हरकती, म्हणजे ‘आक्षेप’, आणि त्यांवर संस्थेने केलेली कार्यवाही, म्हणजे ‘अनुपालन’, यांची साखळी कायद्याने बांधली गेली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर या साखळीत विधिमंडळाची पंचायती राज समिती जोडली गेली. ती लेखापरीक्षा अहवालांतील परिच्छेद घेऊन जिल्ह्यात जाते आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते. खरी अडचण मात्र त्याआधीच्या टप्प्यावर आहे, आणि तीच अधिक गंभीर आहे. एखाद्या देयकाचे प्रमाणक, म्हणजे खर्चाचा लेखी पुरावा, तपासणीच्या वेळी सापडत नाही, आक्षेप नोंदवला जातो, दरम्यान संबंधित कर्मचाऱ्याची बदली किंवा निवृत्ती होते, आणि नवा अधिकारी ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढेच कळवतो. आक्षेप वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो, वसूलपात्र रक्कम कागदावरच उरते. कायद्यात वसुलीची तरतूद आहे. उणीव आहे ती अधिकारी बदलला तरी न बदलणाऱ्या उत्तरदायित्वाची.