रॉ छायाचित्रांचे घाऊक रूपांतर (बेळगाव–निपाणी परिसर)

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली कच्ची नोंद, म्हणजे रॉ फाइल, संगणकावर उलगडून तिची जेपेग प्रत काढणे आणि हे काम शेकडो-हजारो फायलींवर एकदम करून घेणे. बेळगाव (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) व निपाणी भागात लग्ने, यात्रा आणि मिरवणुका टिपणाऱ्या छायाचित्रकारांना हे काम वारंवार करावे लागते. प्रस्तुत नोंद त्यासाठी सॉफ्टवेअर निवडण्यापुरती आहे.

तत्त्व : संवेदकावरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. ही जाळीदार मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची; तिचे पेटंट १९७६ चे. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरावे लागतात. कॅमेऱ्याने जेपेग दिली तर हा अंदाज कॅमेऱ्याचा असतो, रॉ दिली तर सॉफ्टवेअरचा. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ पायऱ्या असतात. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेगच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक रंगाला २५६. चोवीस मेगापिक्सेलची चौदा बिटांची नोंद न दाबता ठेवल्यास ४२ मेगाबाइट भरते. दाबून ती २५ मेगाबाइटची झाली असे धरले, तरी लग्नाच्या २,००० फोटोंना ५० गिगाबाइट जागा लागते. एकेक फाइल उघडून काम उरकणे त्यामुळे शक्य होत नाही.

बहुतेक रॉ फायलींच्या पोटात कॅमेऱ्यानेच तयार केलेली एक जेपेग दडलेली असते. काही कॅमेऱ्यांत ती पूर्ण आकाराची, काहींत लहान. फिल हार्वे यांच्या एक्झिफटूलसारख्या साधनाने ती नुसती बाहेर काढता येते आणि त्यात प्रक्रिया काहीच नसल्याने काम फार लवकर होते. पाहुण्यांना निवडीसाठी फोटो पाठवायचे असतील तर एवढे पुरते. मात्र इरफानव्ह्यू किंवा फास्टस्टोनसारखी साधने सेटिंगनुसार हीच आतली जेपेग दाखवतात. ती बाहेर काढून आपण रॉचे रूपांतर केले, असा समज होऊ देऊ नये.

भंडारा व मिरवणुकांचा प्रकाश : निपाणीजवळच्या आप्पाचीवाडी येथील हालसिद्धनाथ यात्रा आणि सीमेपलीकडील पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेव यात्रा यांत भंडाऱ्याची, म्हणजे हळदीच्या पुडीची, उधळण होते. या परिसरात सॉफ्टवेअरची खरी परीक्षा येथे लागते. हळद निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते. त्यामुळे निळ्याची नोंद जवळजवळ रिकामी राहते आणि लाल व हिरव्याची नोंद लवकर कमाल मर्यादेला भिडते. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये हवेतली पूड मग कणाकणांची न दिसता सपाट पिवळा डाग होऊन बसते. रॉमध्ये हा तपशील पुष्कळदा शिल्लक असतो. उजळ भाग खाली ओढला की तो परत मिळतो. दुसरी अडचण व्हाइट बॅलन्सची. चौकट पिवळ्याने भरली की स्वयंचलित यंत्रणा प्रकाशच पिवळा आहे असे धरते आणि चित्र निळ्याकडे ढकलते. पांढरे धोतर व पटका निळसर होतात, भंडारा फिका पडतो. घाऊक रूपांतरात प्रत्येक फाइलला स्वतंत्र स्वयंचलित व्हाइट बॅलन्स लावला, तर लागोपाठचे दोन फोटो दोन वेगळ्या दिवशी काढल्यासारखे दिसतात. म्हणून एका फोटोवर केलेली दुरुस्ती संपूर्ण गटाला लावता येणे, हा निवडीचा पहिला निकष मानावा. वेगाचा विचार त्यानंतर.

बेळगावात वैशाखातील शिवजयंतीला निघणारी चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. प्रत्येक चित्ररथाची रोषणाई वेगळी, आणि चौकाचौकातले दिवेही वेगळे. तेथे सगळ्या फायलींना एकच सेटिंग लावून भागत नाही. आधी प्रकाशानुसार गट पाडावे लागतात. एलईडी दिव्यांमुळे चित्रावर उमटणारे आडवे पट्टे शटरच्या गतीमुळे येतात, ते रूपांतरात पुसले जात नाहीत.

इतिहास : डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये डीसीरॉ हा कार्यक्रम लिहायला घेतला. सी भाषेतील एकाच फाइलमध्ये मावणारा हा कार्यक्रम निरनिराळ्या कंपन्यांच्या रॉ फायली उलगडत असे. कंपन्या आपली मांडणी सहसा जाहीर करत नसल्याने कॉफिन यांना ती फायलींवरूनच शोधून काढावी लागे. २००८ पासून त्याच पायावर लिबरॉ ही सॉफ्टवेअर-लायब्ररी उभी राहिली व अनेक सॉफ्टवेअर आज तिच्यावर चालतात. व्यावसायिक बाजूला अ‍ॅडोबीचे कॅमेरा रॉ २००३ मध्ये आणि लाइटरूम २००७ मध्ये आले.

निकॉनने डी२एक्स या कॅमेऱ्याच्या फायलींतील व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक करून ठेवली, त्यावरून २००५ मध्ये वाद उठला. फोटोशॉपचे एक जनक थॉमस नोल यांनी निकॉनवर जाहीर टीका केली. कॉफिन यांनी तो संकेत उलगडला. निकॉनने विकसकांसाठी स्वतःची साधने देऊ केली. कंपनीचा हेतू काय होता याविषयी दोन्ही बाजूंची मांडणी वेगळी आहे. रॉ फाइल उघडण्याचा अधिकार छायाचित्रकाराचा की कॅमेरा बनवणाऱ्याचा, हा प्रश्न मात्र त्यातून चव्हाट्यावर आला, आणि तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये खुली केलेली डीएनजी ही मांडणी याच प्रश्नावरचा एक उपाय. लायका आणि पेंटॅक्स यांच्या अनेक कॅमेऱ्यांत ती थेट मिळते. कॅनन, निकॉन व सोनी यांनी आपापल्या मांडण्या सोडल्या नाहीत.

निवड : कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला तसाच रंग हवा असेल तर कंपनीचे स्वतःचे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे : कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ (२०२१), सोनीचे इमेजिंग एज. कॅमेऱ्यात केलेली रंगांची सेटिंगे ती वाचतात. एकाच लग्नात दोन कंपन्यांचे कॅमेरे वापरले असतील, तर मात्र हा मार्ग बंद होतो आणि सर्व फायली एकत्र हाताळणारे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. लाइटरूम क्लासिक आणि कॅप्चर वन ही त्यांतली विकतची. लाइटरूमचा कायमचा परवाना सहाव्या आवृत्तीनंतर थांबला; आता वर्गणी भरावी लागते. वर्षभराचे काम दोन-तीन महिन्यांच्या लग्नसराईत आटोपणाऱ्या छोट्या स्टुडिओने हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

रॉथेरपी आणि डार्कटेबल ही दोन्ही मोफत व मुक्तस्रोत आहेत. रॉथेरपीत आतल्या जेपेगशी छटा जुळवून घेण्याची सोय आहे आणि फायली रांगेत लावून रूपांतर रात्रभर चालू ठेवता येते. डार्कटेबल शिकायला वेळ लागतो, पण ग्राफिक्स कार्ड चांगले असेल तर काम झपाट्याने होते. दोन्ही आदेशओळीवरूनही चालतात. त्वचेचा रंग कशात सरस उतरतो, याबद्दल एकमत नाही.

सॉफ्टवेअर कॅमेऱ्यापेक्षा जुने असेल तर फाइल उघडतच नाही. कॅननने २०१८ मध्ये सीआर३ ही मांडणी आणली. डार्कटेबलमध्ये तिची सोय डिसेंबर २०२१ च्या ३.८ आवृत्तीत झाली. लाइटरूमची सहावी आवृत्ती वापरणाऱ्यांना अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून फायली आधी डीएनजीत आणाव्या लागतात. नवा कॅमेरा घेतल्यावर एक फाइल उघडून पाहावी आणि मगच लग्नाचे काम स्वीकारावे.

छपाईसाठी प्रत : लॅबला देण्याची जेपेग सहसा एसआरजीबी रंगक्षेत्रातील असावी. अल्बमचे १२ बाय ३६ इंची पान इंचाला ३०० बिंदूंनी ३,६०० बाय १०,८०० बिंदूंचे होते. त्यावर चार-सहा फोटो बसवायचे असल्याने ६,००० बाय ४,००० ची चौकट पुरून उरते. गुणवत्तेचा आकडा शंभरावर नेल्याने फाइल फुगते. नव्वदच्या आसपास कागदावर फरक दिसत नाही.

नावे व माहिती : रूपांतराच्या वेळीच फायलींना तारखेनुसार नावे द्यावीत. स्थळाच्या माहितीत बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही रूपे घालावीत, म्हणजे कोणत्याही रूपाने शोधले तरी फोटो सापडतो. एक्सएमपी या माहितीप्रकारात देवनागरी सुखरूप टिकते. जुन्या आयपीटीसी रकान्यांत ती काही सॉफ्टवेअरमध्ये बिघडते.

जतन : जेपेग तयार झाल्यावर जागा मोकळी करण्यासाठी रॉ फायली पुसणे टाळावे. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये निपाणीत झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन फिल्मच्या काळातले. त्या काळची निगेटिव्ह जपलेली असेल तर तिची आजही नवी प्रत निघते. यात्रा, मिरवणुका आणि मोर्चे यांच्या आजच्या नोंदींच्या बाबतीत तेच काम रॉ फाइल करते. सगळ्या ठेवणे परवडत नसेल तर निवडलेल्या फोटोंच्या रॉ फायली तरी दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात.

मोबाइल : काही फोन डीएनजी देतात, वरील बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते.