शेजारच्या चुलीवरचं युनिक्स

केन थॉम्पसन यांना कोपऱ्यात पडलेला एक जुना संगणक सापडला, इथून युनिक्सची गोष्ट सांगायची पद्धत आहे. ते खरंच आहे. पण त्या पीडीपी-७ वर प्रोग्रॅम लिहिले कसे, हे फारसं कुणी विचारत नाही.

साल १९६९, न्यू जर्सीतली बेल लॅब्ज. पीडीपी-७ ची मेमरी १८ बिटांच्या जेमतेम ८ हजार शब्दांची, आणि थॉम्पसन यांच्या कामाचं सॉफ्टवेअर त्यावर काहीच नाही. प्रयोगशाळेत जीई-६३५ हा मोठा संगणक मात्र होता. थॉम्पसन यांचा ‘स्पेस ट्रॅव्हल’ हा खेळ आधी त्यावर चाले. एका डावाला सुमारे ७५ डॉलरचा संगणक-वेळ खर्ची पडे! म्हणून खेळ लहान यंत्रावर न्यायचा ठरला.

न्यायचा म्हणजे काय? घरची चूल पेटेपर्यंत माणूस शेजारच्या चुलीवर रांधतो ना, तसंच. जीई-६३५ च्या असेंबलरला मॅक्रो जोडून थॉम्पसन यांनी त्याच्याकडून पीडीपी-७ ला कळणाऱ्या आज्ञा तयार करून घेतल्या. एका यंत्रावर चालून दुसऱ्यासाठी आज्ञा घडवतो, तो क्रॉस-असेंबलर. त्या आज्ञांची छिद्रं पाडलेली कागदी पट्टी निघे. ती हातात घेऊन पीडीपी-७ कडे जायचं, चालवून बघायचं. चूक निघाली? परत मोठ्या यंत्राकडे, दुरुस्ती, नवी पट्टी.

युनिक्सचा पहिला गाभाही याच येरझाऱ्यांतून उभा राहिला. त्या उन्हाळ्यात पत्नी आणि लहान मुलगा कॅलिफोर्नियाला गेले असताना थॉम्पसन यांनी गाभा, शेल, एडिटर आणि असेंबलर यांना एकेक आठवडा दिला. आपण कौतुक करतो ते गाभ्याचं. माझ्या मते निर्णायक आठवडा असेंबलरचा. तो पीडीपी-७ वरच चालू लागला आणि पट्ट्यांची ने-आण संपली. युनिक्समधली दुरुस्ती युनिक्सवरच बसून करता येऊ लागली.

१९७० च्या उन्हाळ्याअखेरीस पीडीपी-११ आला. आता चूल पीडीपी-७ ची! त्याच्यावरच्या क्रॉस-असेंबलरने नव्या यंत्रासाठी कामापुरतं युनिक्स तयार झालं. पण नव्या यंत्राची डिस्क डिसेंबरपर्यंत आलीच नाही. तोवर ते बहुतेक वेळ कोपऱ्यात बसून, ६ × ८ घरांच्या बुद्धिबळ-पटावर घोडा प्रत्येक घरात एकदाच जाऊन मूळ जागी किती प्रकारे परततो, ते मोजत होतं. काम तीन महिन्यांचं होतं.