तीन भांडारे जळाली, चौथे वाचले : चोसनची इतिवृत्ते आणि आपले क्लाउड

इ.स. १५९२. हिदेयोशीच्या जपानी फौजा कोरियात उतरल्या, तेव्हा चोसन राजघराण्याच्या इतिवृत्तांच्या प्रती चार ठिकाणी होत्या : राजधानी सोल, चुंगजू, सोंगजू आणि जोंजू. पहिल्या तीन ठिकाणच्या प्रती युद्धात जळाल्या. हा धागा चौथ्या प्रतीविषयी आहे. आणि थोडा आपल्या मोबाइलमधील छायाचित्रांविषयीही.

जोंजूची प्रत वाचवली ती आन उई आणि सोन होंग-रोक या दोन स्थानिक विद्वानांनी. आन उई यांनी तर साठी ओलांडलेली. आठशेहून अधिक ग्रंथ त्यांनी नेजांग पर्वतात हलवले, सुमारे वर्षभर पहारा दिला आणि कोणत्या दिवशी राखणीला कोण होते याची रोजनिशीही ठेवली. युद्धानंतर, १६०३ ते १६०६ या काळात, त्या एकमेव संचावरून नव्या प्रती छापल्या गेल्या. या वेळी भांडारे पाच झाली आणि त्यांतील चार डोंगराळ, दुर्गम जागी. १६२४ च्या बंडात सोलची प्रत पुन्हा नष्ट झाली. ओदेसान पर्वतातील प्रत वसाहतकाळात टोकियोला नेली गेली आणि १९२३ च्या भूकंपात तिचा बहुतांश भाग जळाला. तरीही इतिवृत्ते आज आपल्यासमोर आहेत. एका जागेचे दुर्दैव दुसऱ्या जागेपर्यंत पोहोचले नाही, इतकेच त्याचे कारण.

परंतु मला अधिक विलक्षण वाटते ती गुप्ततेची व्यवस्था. दरबारी इतिहासकारांचे मसुदे राजानेही वाचायचे नाहीत, असा दंडक होता. १४०४ मध्ये राजा तेजोंग घोड्यावरून पडला आणि म्हणाला, हे इतिहासकाराला कळू देऊ नका. इतिहासकाराने पडणेही नोंदवले आणि ते वाक्यही! राजाच्या निधनानंतर इतिवृत्त सिद्ध होई आणि मसुद्यांचे कागद ओढ्यात धुऊन शाई काढून टाकली जाई.

हा दंडक मोडला तेव्हा काय झाले? १४९८ मध्ये संकलनाच्या कामावरील अधिकारी यी गुक-दोन याला किम इल-सोनच्या मसुद्यात स्वतःवरील टीका सापडली. मसुद्यातील आक्षेपार्ह मजकुराची वार्ता बाहेर गेली, उतारे राजा योनसानगुनपुढे ठेवले गेले आणि किम इल-सोनसह अनेकांचे प्राण गेले. भिंत बाहेरून कोणी फोडली नव्हती. किल्ली आतल्याच माणसाकडे होती.

आता त्याच देशात, २६ सप्टेंबर २०२५. देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही ८५८ टेराबाइटची क्लाउड व्यवस्था त्यात नष्ट झाली. तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. एवढ्या मोठ्या साठ्याचा बॅकअप शक्य झाला नाही, असे कारण देण्यात आले. आठशे ग्रंथ डोंगरात नेणाऱ्या दोघांना हे कारण कसे वाटले असते, कोण जाणे.

हे सारे मी का वाचत बसलो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका वाड्यातील मोडी कागदांची सुमारे चौदाशे छायाचित्रे मी घेतली होती. गेल्या पावसाळ्यात छप्पर गळले आणि मूळ कागदांचा लगदा झाला. म्हणजे आता माझी छायाचित्रे हीच जोंजूची प्रत. त्यांत भाऊबंदकीचे, जमिनीच्या वादाचे कागद आहेत. ते कोणाच्या नजरेस पडू नयेत, अशी त्या घराची अट आहे.

नेहमीच्या क्लाउड सेवांत फायली कूटबद्ध असतात, पण किल्ली बहुधा कंपनीकडेच असते. आदेश आला तर कंपनी त्या उघडू शकते. आयक्लाउडमध्ये किल्ली केवळ वापरकर्त्याकडे ठेवण्याची सोय आहे. ब्रिटनमध्ये मात्र सरकारच्या मागणीनंतर ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मागे घेतली. म्हणून मी क्रिप्टोमेटर हे मुक्त सॉफ्टवेअर निवडले. ते फायली माझ्याच लॅपटॉपवर कूटबद्ध करते. मग त्या कोणत्याही क्लाउडवर चढवता येतात. खात्याला दुहेरी पडताळणी आहेच.

मात्र क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमधून इकडे फाईल पुसली की तिकडचीही जाते. त्यामुळे एक प्रत लॅपटॉपवर, एक क्लाउडवर आणि एक कूटबद्ध हार्ड डिस्कवर. ती डिस्क पुण्यात नव्हे, गावी. दर तीन महिन्यांनी काही फायली उघडून पाहतो, कारण न उघडलेली प्रत शाबूत आहे असे गृहीत धरणे धोक्याचे. किल्ली हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. म्हणून पासवर्ड आणि पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून आईच्या लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. कागदावर वर लिहिले आहे : ‘धुऊ नये.’